वजा केलेली सोबत

प्रिय किल्लीमावशी,

या नावाने हाक मारलेली तुम्हाला चालेल की नाही, कोण जाणे. तलावावर पोहायला येणारी आम्ही सगळी पोरं तुम्हाला हेच म्हणायचो, आणि तुमचं खरं नाव विचारावं असं आमच्यातल्या एकालाही कधी सुचलं नाही. आता ते मला बाबांकडून कळलंय, पण पहिल्याच पत्रात ते लिहायला हात धजत नाही, म्हणून जुनंच वापरते. मी देवमाशाची मुलगी. पोहण्याच्या मास्तरांना पोरांनी ठेवलेलं नाव तुम्हाला मी सांगायला नको. एवढा धिप्पाड माणूस, आवाज असा की गळ्यातली शिट्टी नुसती शोभेला. त्यांच्यामागून टॉवेल सांभाळत, नाक ओढत चालणारी एक किडकिडीत मुलगी तुम्हाला आठवत असेल, तर ती मी.

तुमचा चेहरा मात्र मला आठवत नाही, हे आधीच सांगून टाकते. तिकिटाच्या खिडकीची काच अर्ध्यापर्यंत दुधी होती आणि माझी उंची त्या दुधी भागाएवढीच. मला आठवतात ते काचेखालच्या फटीतून येणारे तुमचे हात. रबरात ओवलेली कपाटाची किल्ली माझ्या तळव्यावर ठेवायची आणि वरून माझी बोटं मिटून घ्यायची, ही तुमची पद्धत. मनगटावर बारीक पट्ट्याचं घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला. किल्ली देता देता तुम्हाला वेळ दिसायची आणि आम्हाला नुसता पट्टा. एकदा मला खोल पाण्याची धास्ती बसली होती आणि बाबांनी ओरडून तलाव डोक्यावर घेतला होता. मी रडत खिडकीपाशी आले, तेव्हा त्याच हाताने फटीतून लिंबाची गोळी सरकवली होती. आपण दोघी एक अक्षर बोललो नव्हतो.

बाबांची खबर तुम्हाला कोणी दिली नसेल, म्हणून ती आधी. पडल्यावर मोडलेलं हाड जुळलं. काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात, अंघोळ स्वतःची स्वतः करतात आणि मदतीला आलेल्या बाईला बाहेर हाकलतात. पण माझ्याकडे आल्यापासून, एक संध्याकाळ सोडली तर, त्यांनी भांडण केलेलं नाही. ज्या माणसाने कोमट चहावरून उपाहारगृहवाल्याला घाम फोडला, तो आता सगळ्याला ‘चालेल’ म्हणतो. भाजीत मीठ नाही, चालेल. खिडकी लावू का, चालेल. उघडू का, तेही चालेल. अंगावरचे कपडे मोठे दिसायला लागलेत. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, त्याला काही करण्यासारखं नाही. पुढचा हिवाळा अवघड जाईल. या वयात असं होतंच, असंही म्हणाले. मी मान डोलावली. हे वाक्य मी स्वतःच इतक्या वेळा म्हटलंय की डॉक्टरांकडून ऐकताना पैसे देऊन आपलंच वाक्य विकत घेतल्यासारखं वाटलं.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगते. कंटाळू नका, ते इथे लागणार आहे. लोकांना वाटतं, मी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसते. खरं तर मी दिवसभर संगणकासमोर बसते, कुठल्याही कचेरीतल्या बाईसारखी, आणि जेवणानंतर मलाही डुलकी येते. माझं काम म्हाताऱ्या ताऱ्यांचं. तारा म्हातारा झाला की आटत नाही, उलट फुगतो, तांबडा होतो आणि धापा टाकल्यासारखा संथपणे फुगत-आकसत राहतो. अंगावरून वायू आणि धूळ उडत असते. अशा राक्षसी ताऱ्याच्या अगदी जवळून एखादा लहान तारा फिरत असला, तर तो दिसत नाही. मोठ्याच्या उजेडात बुडून जातो. मग तो शोधायचा मोठ्याच्या वागण्यावरून. लहान असला तरी तो मोठ्याला थोडंसं ओढतोच. त्या ओढीने मोठा कधी किंचित आपल्याकडे येतो, कधी किंचित लांब जातो, आणि ते त्याच्या प्रकाशात उमटतं. पंचाईत अशी, की त्या फुगण्या-आकसण्यामुळेही, आम्ही त्याला श्वास म्हणतो, प्रकाशात तसंच काहीतरी उमटतं. म्हणून आम्ही आधी ताऱ्याचा श्वास मोजतो आणि वजा करतो. मग जे उरेल ते सोबत्याचं.

एका ताऱ्यावर मी उमेदीची सगळी वर्षं घातली. त्याला नेहमीचा एक श्वास होता आणि दुसरा फार संथ, वर्षानुवर्षं चालणारा. म्हातारा आहे, असेल काहीतरी, असं म्हणून मी दोन्ही वजा केले. उरलं शून्य. हा तारा एकटा आहे, असं मी छापून मोकळी झाले, आणि पुढे जो तो माझ्या नावाचा हवाला देऊन तेच सांगत राहिला. भोवतालच्या धुळीत अंधुक पीळ दिसत होता, त्यालाही मी ताऱ्याचा विस्कटलेपणा म्हटलं. तेव्हा माझ्या मनात पालसुद्धा चुकचुकली नाही.

आमच्या गटात हल्ली एक नवी मुलगी आलीये. प्रत्येक आकड्याची उलटतपासणी घेते, म्हणून आम्ही तिला वकीलबाई म्हणतो. तिने भर बैठकीत मला विचारलं, की हा संथ श्वास खरंच श्वास असेल, तर तारा त्याच तालावर गरम-थंड व्हायला हवा ना? नेहमीच्या श्वासात होतो, मग या श्वासात ढिम्म कसा राहतो? मी काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ‘बरं, पण का?’ म्हणाली. त्यानंतर रेडिओ दुर्बिणींच्या पुष्कळशा तबकड्या एकत्र जोडून काढलेली नवी चित्रं आली. त्यांत ताऱ्याला अगदी खेटून एक ठिपका होता. पुढच्या चित्रात तो सरकला होता, आणि धुळीतला पीळ त्याच्याच फिरण्याने पडलेला होता. म्हणजे तो नेहमीच तिथे होता. प्रत्येक मोजमापात त्याची ओढ नोंदली गेली होती. मी दर वेळी ती काळजीपूर्वक, चार दशांश स्थळांपर्यंत मोजून काढून टाकली होती.

वकीलबाईने खटला जिंकल्यासारखा चेहरा केला नाही, उलट मला चहा आणून दिला. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, आणि तोंडात मारल्यासारखंही झालं होतं. अशा वेळी माणूस घरी फोन करतो, तसा मी बाबांना केला. ठिपका कसा सापडला, तो इतका जवळ असूनही मला कसा दिसला नाही, सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी ऐकलं, ‘छान झालं गं’ म्हणाले आणि गप्प राहिले. मी फोन कानाला धरून वाट बघत बसले. कशाची वाट बघतेय ते मलाच कळेना. मग कळलं. माझं बोलणं ते परत म्हणतील, याची मी वाट बघत होते.

तुम्हाला माहीतच आहे, मी कशाबद्दल बोलतेय. आई जाऊन एक-दोन वर्षं झाल्यावर हे सुरू झालं. दर रविवारी सकाळी मी त्यांना फोन करायचे, आणि मी म्हटलेलं प्रत्येक वाक्य ते मोठ्याने परत म्हणायचे. ‘काय, नवे पडदे घेतलेस? निळे?’ ‘ताप उतरला म्हणतेस? बरं, बरं, उतरला.’ ‘घरमालक पुन्हा भांडला? आणि तू काय म्हणालीस?’ मी वैतागायचे. बाबांना फोन करणं म्हणजे दरीत तोंड घालून ओरडण्यासारखं आहे, असा विनोद मी कचेरीत करायचे आणि लोक हसायचे. शेवटी एका सुट्टीत त्यांना धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, यांचे कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत. मी डॉक्टरशी वाद घातला आणि यंत्र घ्यायलाच लावलं. बाबांनी हूं की चूं केलं नाही. यंत्र डबीत ठेवलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा, ‘काय? पोचलीस? सुखरूप पोचलीस?’

बहिरेपणा असेल तर तो फक्त फोनवरच कसा? मी भेटायला आले की शेजारच्या खोलीतली माझी कुजबुजही त्यांना ऐकू जायची. आणि माझ्याकडे आल्यापासून कचेरीतून रोज फोन करते, एकदाही त्यांनी माझं वाक्य परत म्हटलेलं नाही. इतक्या वर्षांचा आजार जागा बदलल्याने बरा होतो का? वकीलबाई तिथे असती तर तिने हेच विचारलं असतं. मी फोन ठेवला, जिन्यात जाऊन बसले, आणि मग एकेक करून सगळं परत बेरजेत घ्यायला लागले. बीटाला तोंड न लावणारे बाबा अचानक बीट आवडीने खायला लागले होते. मी म्हटलं, वयाने जिभेची चव जाते. ‘आम्ही फिरून आलो’ म्हणायचे. मी समजले, तलावावरची जुनी मंडळी असतील. आणि घड्याळ. त्यांनी घड्याळ तबकडी आतल्या बाजूला करून बांधायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, मनगट सुजत असेल. काय वाटेल ते म्हटलं, मावशी. जे जे दिसलं ते म्हातारपणाच्या खात्यात टाकलं.

ते पडले तेव्हा रुग्णवाहिकेला फोन कोणी केला, असं मी रुग्णालयात विचारलं होतं. ‘घरातल्या बाईंनी’ असं उत्तर मिळालं. ती शेजारीण असणार असं मी धरलं आणि तिला चॉकलेटचा मोठा डबा नेऊन दिला. तिनेही तो निमूटपणे ठेवून घेतला, त्याचं मला अजून नवल वाटतं. आणि रुग्णालयाच्या बाकावर बाबांचा चष्मा रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन एक बाई बसल्या होत्या. तो चष्मा त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि वरून माझी बोटं मिटली. मी आभार मानले, कर्मचारी समजून. तेवढ्यात परिचारिका बाहेर आली आणि विचारलं, यांचं जवळचं कोण? दार उघडंच होतं, बाबा जागे होते. मी म्हटलं, ‘मी एकटीच. माझ्याशिवाय यांना कोणी नाही.’ परिचारिकेने मग त्या बाईंना सांगितलं, की इथे फक्त नातेवाइकांनाच थांबता येतं. त्या उठल्या, साडी नीट केली नाही की वळून पाहिलं नाही, सरळ जिन्याकडे गेल्या. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, दुखत असेल.

ते वाक्य मी परत घेऊ शकत नाही. वैज्ञानिक मासिकात चूक झाली तर दुरुस्ती छापता येते. ती मी छापतेय. उघड्या दारात, दोन माणसांच्या तोंडावर म्हटलेल्या वाक्याची दुरुस्ती कुठे छापायची? मला वाईट याचं वाटतं, की त्या दिवशी मी तुम्हाला दुष्टपणाने बाहेर काढलं असतं तर निदान तुम्ही माझ्यावर चिडला असतात, भांडला असतात. मी तर तुम्हाला पाहिलंच नाही. त्यानंतर आठवड्याभरात बाबांचं भाड्याचं घर सोडलं, सामान बांधलं आणि बाबांना उचलून इकडे आणलं. किती जबाबदार मुलगी, असं सगळे म्हणाले आणि मी ते ऐकून घेतलं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी बाबांना सरळ विचारलं. ते स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसले होते. विचारलं, फोनवर माझी वाक्यं तुम्ही परत का म्हणायचात? हातातली शेंग तशीच राहिली. मग अगदी साधेपणाने म्हणाले, ‘तिला ऐकू जावं म्हणून.’ आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागले. तुम्ही शेजारी बसायचात, रविवारचा चहा घेऊन. माझे पडदे, माझा ताप, माझं घरमालकाशी भांडण, सगळं तुम्हाला माहीत होतं. घरमालकाला काय उत्तर द्यायचं हे तुम्हीच खुणेने सुचवायचात आणि बाबा ते स्वतःचं म्हणून मला सांगायचे, हेही कळलं. मला तेव्हा वाटायचं, म्हातारपणी बाबा किती समंजस झालेत!

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, ‘तू कुठे विचारलंस? येताना तुझ्याकडे सगळ्याची उत्तरं तयार असायची.’ रागाने नाही म्हणाले, मास्तर पोराचा हात चुकतोय हे दाखवतात तसं म्हणाले. मग इतक्या दिवसांत त्यांनी तुम्हाला एक फोन तरी का नाही केला, असं मी विचारलं. त्यावर म्हणाले, ‘ती फोनवर बोलणारी नाही. ती शेजारी बसणारी आहे.’ तुम्ही निरोप घ्यायलाही आला नाहीत, कारण परिचारिकेचं बोलणं तुम्ही खरं धरलंत, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही नातेवाईक नाही, तर मग नाहीच, असं तुमचं एकदा ठरलं की ठरलं. तलावाची वेळ संपल्यावर तुम्ही मंत्र्यालासुद्धा किल्ली दिली नसती, हे सांगताना ते हसले. माझ्याकडे आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि मला स्वयंपाकघरात उभं राहवेना.

मी म्हटलं, उद्याच निघू या, मी गाडी ठरवते. तर देवमासा जागा झाला. टेबलावर हात आपटला, वाटाणे खोलीभर झाले. म्हणाले, ‘मला न विचारता आणलंस. आता तिला न विचारता नेऊ नकोस.’ बरोबरच होतं. त्यांचं घर आता नाही. नेणार म्हणजे तुमच्याच दारात नेणार, तुमच्या दोन खोल्यांत. तुमचं वय झालंय, त्यांना आता सोबतीपेक्षा शुश्रूषा जास्त लागते, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मी वर लिहिलंच आहे. ते थोड्या दिवसांचे असतील आणि ते दिवस सोपे नसतील. मदतीला बाई मी ठेवीन, मी स्वतःही येत राहीन, पण म्हणून हे ओझं नाही असं मी म्हणणार नाही. जेव्हा ते चालतेफिरते होते, भांडत होते, बीट खात होते, ती वर्षं तुमच्याकडून मी नेली, आणि आता उरलेलं परत करायला निघालेय. म्हणून मी बाबांना म्हटलं, मग तुम्हीच विचारा, मी नंबर लावून देते. त्यांनी मान हलवली. ‘मी विचारलं तर ती नाही म्हणणार नाही. म्हणून तू विचार.’

तर मावशी, एवढ्यासाठी हे पत्र. बाबांनी तुमच्याकडे यावं का, हे मी तुम्हाला विचारतेय. नाही म्हणालात तर मला कारण सांगू नका, मला ते माहीत आहे. पत्र पोचल्यानंतरच्या रविवारी सकाळी, आमच्या नेहमीच्या वेळी, मी तुम्हाला फोन करीन. तुमचा नंबर बाबांना तोंडपाठ आहे. तुम्ही फोनवर बोलत नाही हे कळलंय, तेव्हा एकच शब्द बोललात तरी पुरे. बाबा माझ्या शेजारी बसलेले असतील. तुम्ही जे म्हणाल ते मी मोठ्याने परत म्हणेन. मला ऐकू येत नाही असं समजू नका.

तुमचीच,
देवमाशाची मुलगी